अपक्ष उमेदवार आणि माळरानाचे पाणी



लागण नोंदीच्या दिवसांत गट ऑफिसात वर्दळ असते. कोणाचा सात-बारा अपुरा असतो, कोणाची लागणीची तारीख चुकलेली असते, कोणाला बेणे हवे असते. चहा आला की मग गप्पा निघतात. मागे विधानसभेच्या निवडणुकीच्या दिवसांत अशाच गप्पा निघाल्या. आपले एक वयस्क सभासद आहेत, त्यांना सारे गाव तात्या म्हणते. ते आम्हांस म्हणाले, "काय हो साहेब, अपक्षाला मत देणं म्हणजे मोकळ्या सरीत पाणी सोडल्यासारखंच की! पाळी तर संपती, अन् पिकाला काय मिळतं?"

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून थोडी जुनी माहिती चाळली, चार जाणत्या माणसांशी बोललो आणि जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक खुलासा करतो. कारखाना सर्व सभासदांचा आहे आणि सभासद सर्व पक्षांचे आहेत. कोणास मत द्यावे हे सांगणे हे ऊस विकास खात्याचे काम नव्हे व या लेखाचा तो हेतूही नाही. मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यात ज्या प्रश्नाला जागा मिळत नाही, तो प्रश्न सरकारच्या दारी कसा जातो, एवढेच येथे पाहावयाचे आहे. तो प्रश्न पुष्कळदा शेताचा आणि पाण्याचा असतो, म्हणून हा विषय आपला आहे.

अपक्ष म्हणजे कोण?

कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता जो उभा राहतो तो अपक्ष. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. विधानसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम दहा हजार रुपये आहे. पडलेल्या वैध मतांपैकी एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती सरकारजमा होते. चिन्ह आयोगाच्या मोकळ्या चिन्हांतून मिळते, तेही प्रचाराला थोडे दिवस उरले असताना. यादीत नावही पक्षवाल्यांच्या खाली येते. थोडक्यात, पक्षाचा उमेदवार बागायती रानात लागण करतो, तर अपक्ष जिरायतीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. त्यानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात दाखल झाला तर त्याची आमदारकी जाते. मात्र पक्षात न जाता त्याला सरकारला पाठिंबा देता येतो. या एका वाटेनेच पुढे बरेच काही घडले, ते पुढे येईलच.

अपक्षांचे कौतुक करताना डोळे मिटून चालणार नाही. सर्व अपक्ष प्रश्न घेऊन उभे राहतात असे नाही. कोणी तिकीट न मिळाल्यामुळे रुसून उभा राहतो, त्याला आपण बंडखोर म्हणतो. कोणाला दुसऱ्याची मते खाण्यासाठी उभे केलेले असते. कोणाचे नाव मोठ्या उमेदवाराच्या नावासारखे असते, एवढेच त्याचे भांडवल. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात ४,१३६ उमेदवार होते आणि त्यांतले २,०८६ अपक्ष होते. म्हणजे निम्म्याहून जास्त. निवडून आले फक्त दोन, एक जुन्नरहून आणि दुसरे चंदगडहून. आकड्यांकडेच पाहिले तर तात्यांचे म्हणणे खरे ठरते. पण शेतीत जसे नुसत्या टनेजवर भागत नाही, उताराही पाहावा लागतो, तसेच येथेही आहे.

नदीकाठ आणि माळ

कृष्णाकाठाने फिरताना हिरवागार ऊस दिसतो. पण काठ सोडून पूर्वेला वर चढू लागलो की दृश्य पालटते. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत, इकडे माण, खटाव आणि तिकडे सांगोला हा सारा पाण्याने उपाशी मुलूख. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. वर्षानुवर्षे तेथील माणसे मेंढरे घेऊन बाहेर पडली, मुंबईच्या गिरण्यांत गेली, गलाई कामासाठी देशभर पांगली. ऊसतोडीलाही आली. आपल्या फडात कोयता चालविणाऱ्या कितीएक हातांना स्वतःच्या रानात पाणी नव्हते. नदी त्यांच्या जिल्ह्यातून वाहत होती, पण खालून. पाणी वर चढवावयाचे तर पंप, वीज आणि कोट्यवधी रुपये हवेत. पक्षांच्या सभांत या भागाचा उल्लेख होई, दुष्काळात छावण्याही निघत. पण 'तुमच्या हक्काचे पाणी अमुक इतके आणि ते अमुक वाटेने येईल' असे कोणी सांगत नव्हते.

हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांचे नाव आधी घ्यावे लागते. स्वातंत्र्यलढ्यातले हे सेनानी. वाळव्यात हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना त्यांनी उभा केला. उतारा आणि दर या दोन्हींत या कारखान्याने नाव कमावले हे सभासदांस सांगावयास नको. अण्णा १९८५ साली वाळव्यातून अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले. त्यांचे स्वतःचे गाव कृष्णाकाठचे, बागायतीचे. तरी त्यांनी माळावरच्या माणसाच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतला. १९९३ पासून आटपाडीला सांगली, सातारा व सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. परिषदेत डॉ. भारत पाटणकर होते, सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. गणपतराव तर शेतकरी कामगार पक्षाचे. म्हणजे प्रश्न एकट्या अपक्षांचा नव्हता, पक्षवालेही त्यात होते. पण एकाच पक्षाच्या झेंड्याखाली तो मावत नव्हता, हे महत्त्वाचे.

परिषदेने रडगाणे गायिले नाही, हिशेब मांडला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले होते. ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता. तोपर्यंत आपण आपल्या वाट्याचे पाणी अडविले-वापरले नाही तर पुढे हक्क सांगावयाला तोंड राहणार नाही, ही धास्ती होती. दुष्काळी माणसाच्या हाती प्रथमच आकडा आला आणि तारीख आली.

सात कमी पडले

मग १९९५ ची निवडणूक आली. त्या वेळी राज्यात ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एकट्या सांगली जिल्ह्यातून पाच अपक्ष आमदार झाले. भिलवडी-वांगीतून संपतराव देशमुख, खानापूर-आटपाडीतून राजेंद्रअण्णा देशमुख, कवठेमहांकाळमधून अजितराव घोरपडे ही त्यांतली नावे. निवडून येण्यामागे गटातटाचे राजकारण होते तसा पाण्याचा रागही होता.

आता हिशेब पाहा. विधानसभेच्या जागा २८८, बहुमताला १४५ पाहिजेत. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ झाले. सात कमी! ज्या अपक्षांना कोणी विचारीत नव्हते त्यांच्या दारात एका रात्रीत मोटारी उभ्या राहिल्या. अशा वेळी माणूस काय मागतो त्यावरून त्याची पारख होते. कोणी मंत्रिपद मागितले, कोणी आणखी काही मागितले असेल. पण दुष्काळी भागातल्या या अपक्षांनी पाठिंब्याच्या बदल्यात पाणी मागितले, टेंभू योजना मागितली. ही गोष्ट त्या भागात आजही घरोघर सांगितली जाते.

पुढच्याच वर्षी, १९९६ साली, महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. सरकारी तिजोरीवर विसंबून न राहता रोखे काढून पैसा उभा करावयाचा आणि खोऱ्यातली कामे उरकावयाची, अशी ती कल्पना होती. टेंभू योजनेस प्रशासकीय मान्यताही १९९६ सालीच मिळाली. कराडजवळ टेंभू गावी कृष्णेवर बंधारा बांधून पाणी उचलावयाचे आणि पाच टप्प्यांत वर चढवीत कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ व सांगोल्यापर्यंत न्यावयाचे. पाणी २२ टीएमसी, क्षेत्र सुमारे ८० हजार हेक्टर.

मान्यता आली म्हणजे पाणी आले असे नव्हे, हे आपण शेतकरी चांगले जाणतो. पैसा आटला, कामे रेंगाळली, सरकारे आली आणि गेली. संपतरावांना ते पाणी पाहता आले नाही. पाणी परिषद मात्र दरसाल भरत राहिली, मोर्चे निघत राहिले. वीस वर्षांहून अधिक काळ हा पाठपुरावा चालला. पंप सुरू झाले तर विजेचे बिल थकले म्हणून बंद पडू लागले. पुढे बिलाचा ८१ टक्के भार सरकारने व १९ टक्के शेतकऱ्यांनी सोसावयाचा असे सूत्र ठरले. साखर कारखाने ऊसबिलातून पाणीपट्टी कापून भरू लागले, तेव्हा कोठे पाण्याच्या पाळीला थोडा भरवसा आला. बिलात कपातीचा तो रकाना दिसला की सभासद आमच्यावर डोळे वटारतात. पण त्या रकान्याच्या मागे एवढा मोठा इतिहास आहे, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

आटपाडीकरांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. उघडे पाट न काढता बंद नळातून पाणी द्यावे आणि ते सर्वांना समान न्यायाने मिळावे असा त्यांनी आग्रह धरला. तो मान्य झाला. 'वरच्याचे भरले की खालच्याला' ही आपली जुनी रीत त्यांनी मोडली.

एका मतदारसंघात १,०३३ उमेदवार

टेंभूला मान्यता मिळाली त्याच १९९६ साली तमिळनाडूत शेतकऱ्यांनी एक वेगळाच मार्ग धरला. इरोड जिल्ह्यात मोडकुरिची नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे. हळदीचा, उसाचा हा मुलूख. आपल्या प्रश्नांकडे कोणी पाहत नाही म्हणून तेथील शेतकऱ्यांनी झुंडीने अर्ज भरले. उमेदवार झाले १,०३३! जवळजवळ सगळे अपक्ष. मतपत्रिकेची चक्क पुस्तिका छापावी लागली, मतदान पुढे ढकलावे लागले. निकाल लागला तेव्हा द्रमुकच्या सुब्बुलक्ष्मी जगदीशन विजयी झाल्या. कितीएक उमेदवारांना एकही मत पडले नाही, म्हणजे स्वतःचेसुद्धा नाही! त्यांना आमदार व्हावयाचेच नव्हते, देशाने एकदा वळून पाहावे एवढेच हवे होते. देशाने पाहिले खरे. परंतु सरकारने त्यातून घेतलेला बोध निराळा होता. त्याच वर्षी कायदा बदलला. विधानसभेची अनामत अडीचशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली आणि अपक्षाला दहा सूचकांची अट लागली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. मोडकुरिचीत राग होता, एकी होती, पण निवडणुकीनंतरची मागणी कोणाच्या हातात ठेवावयाची याची सोय नव्हती. आटपाडीच्या मागे परिषद होती, आकडा होता आणि विधानसभेत बोलणारी माणसे होती.

उसातला बिबट्या

आता अगदी ताजे उदाहरण घेऊ. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्या डोंगर सोडून उसात राहावयास आला. उसातच मादी वितेे, तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात. रात्रीची वीज असल्याने दारे धरावयाला अंधारात जावे लागते. ऊसतोड मजुरांची लहान मुले कोपीबाहेर खेळत असतात. माणसे दगावली, लेकरे दगावली. वर्षानुवर्षे हा तालुक्याचा प्रश्न समजला गेला, राज्याचा नव्हे. २०२४ साली जुन्नरहून अपक्ष निवडून आलेले शरद सोनवणे डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात बिबट्याचा वेश घालून विधानभवनात आले. कोणी हसले, कोणी टीका केली. पण त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने बिबट्याची चर्चा केली. वेशाने बिबट्या पकडला जात नाही हे खरे. पिंजरे, माणसे आणि दिवसाची थ्री-फेज वीज मिळेपर्यंत मागे लागावे लागेल, ते काम वेश उतरविल्यावरचे आहे.

आपण काय घ्यावे?

एवढ्या सगळ्यातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात.

पहिली, प्रश्न कागदावर मोजून मांडला पाहिजे. 'आमच्याकडे पाणी नाही' ही तक्रार झाली. 'आमच्या वाट्याचे इतके पाणी, इतक्या तारखेपर्यंत' ही मागणी झाली. तक्रार ऐकून घेतली जाते, मागणीला उत्तर द्यावे लागते.

दुसरी, प्रश्नाच्या मागे गावाची बैठक पाहिजे. अपक्ष एकटा असतो. त्याच्यामागे पक्ष नाही, उद्या त्याचे मन पालटले तर विचारणारे कोणी नाही. विचारणारी माणसे गावात हवीत. टेंभू झाली ती आमदारांनी मागितली म्हणून आणि त्यांच्यानंतरही लोकांनी सोडली नाही म्हणून.

तिसरी, तोच कागद प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावा, मग तो पक्षाचा असो की अपक्ष. अपक्षाने उचललेला प्रश्न पुढच्या निवडणुकीत पक्षाच्या जाहीरनाम्यात आला तर त्याचे काम झाले म्हणावयाचे. पडलेल्या उमेदवारानेही कधी कधी असे काम केलेले असते.

आणि आता थोडे कडू बोलतो, राग मानू नये. आम्ही रोज आपल्याच रानात फिरतो. काठाच्या गावांतून पांढऱ्या पडलेल्या जमिनी वाढत आहेत. एके काळी एकरी साठ टनांच्या गोष्टी सांगणारे सभासद तेथे आता खोडव्याचीसुद्धा आशा धरीत नाहीत. पाट भरून पाणी, वरून युरियाचा मारा आणि निचरा नाही, याचा हा परिणाम. मीठ फुटलेली जमीन हा आपल्या भागातला दुर्लक्षित प्रश्न नव्हे काय? निवडणुकीच्या किती सभांत आपण तो ऐकला? निचऱ्याचे नळ घालावयाचे तर एकट्याच्या शेतात घालून भागत नाही. चर ओढ्यापर्यंत न्यावा लागतो आणि शेजाऱ्याच्या बांधातून जावा लागतो. त्याला सरकारचा पैसाही हवा आणि गावाची एकीही हवी. अगदी टेंभूसारखेच. फरक इतकाच की तेथे पाणी आणण्यासाठी माणसे एक झाली, येथे जादा पाणी काढण्यासाठी व्हावे लागेल.

माळावरच्या नवीन सभासदांनाही आमचे हेच सांगणे आहे. तुमच्या वाडवडिलांनी वीस-वीस वर्षे बैठका घालून हे पाणी आणले. ते ठिबकने द्या, मोजून द्या. ज्या पाण्यासाठी सरकारशी भांडलो, ते सरी फोडून ओढ्याला सोडले तर पुढची पिढी आपणांस बोल लावील.

तात्यांना आता आमचे उत्तर असे आहे : तात्या, मोकळ्या सरीत सोडलेले पाणी वाया जाते, हे आपले म्हणणे बरोबर. पण सरीत आधी लागण करून ठेवली असेल तर तेच पाणी कामी येते. लागण म्हणजे गावाने ठरविलेला प्रश्न. ती आपण करावयाची असते, उमेदवाराने नव्हे.

तरी प्रत्येक गटातील सभासदांनी आपल्या गावच्या क्षारपड क्षेत्राचे गट नंबर, अंदाजे एकर आणि जवळच्या ओढ्यापर्यंतचे अंतर एका कागदावर लिहून गट ऑफिसात आणून द्यावे. माती-परीक्षणासाठी नमुनाही सोबत आणावा. कागद एकत्र करून गावनिहाय तक्ता तयार करण्याचे काम आमचे खाते करील. पुढील निवडणुकीत जो कोणी मत मागावयास येईल, त्याच्या हाती तो तक्ता कोणी द्यावयाचा हे मात्र आपण गावात बसून ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी